सोळावें कलम

‘तळें राखी तो पाणी चाखी’ अशी एक जुनी म्हण मराठींत आहे. ती ऐकतांना कोणाच्या कपाळाला आठी पडत नाहीं, हेंच तिचें मर्म. तळें राखणाऱ्यानें ओंजळभर पाणी प्यालें तर त्यांत गैर तें काय, असा साधा सवाल तिच्या पोटांत आहे. परंतु तळें साऱ्या गांवाचें असावें, राखणदार एकाचे दहा व्हावे, आणि प्रत्येकाच्या परसांतला पाट रात्रीच्या वेळीं त्या तळ्याला जोडला जावा, म्हणजे उन्हाळ्यांत गांवाच्या घागरी कोरड्या राहूं लागतात. ओंजळ कोठें संपते आणि पाट कोठें सुरू होतो, ही सीमारेषा आंखण्याचा उद्योग मनुष्यजात फार दिवसांपासून करीत आली आहे. राजद्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत मोजून ठेविले आहेत. तथापि राजाच्या खजिन्याला निदान एक मालक तरी असतो. शहराच्या तिजोरीला लाखों मालक. आणि लाखोंच्या मालकीची वस्तु व्यवहारांत बेवारशी होऊन बसते. म्हणून नगरकारभारांत ही रेषा आंखणें अधिक अवघड आणि अधिक अगत्याचें. मुंबई शहरांत ती कशी आंखली गेली, याची हकीकत मनोरंजक तर आहेच, पण बोधप्रदहि आहे.

पूर्वीं मुंबईंत क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्यांत रे मार्केट या नांवांनीं दोन मंडया ओळखल्या जात. मुंबईची मंडई १८६९ सालीं बांधून पुरी झाली. पुण्याची १८८६ सालीं उघडली. पहिलीला नांव मिळालें तें मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचें, आणि दुसरीला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें. भाजीची पिशवी घेऊन या मंडयांतून हिंडलेल्या हजारों माणसांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल कीं, या दोन नांवांचे धनी १८८८ सालीं एकमेकांसमोर उभे ठाकले होते. एक आरोपी म्हणून, आणि दुसरे आरोप ठेवणाऱ्या सरकारचे प्रमुख म्हणून. योगायोग असा कीं, मुंबईच्या महापालिकेचा जो मूळ कायदा, ज्याच्या पायावर शहराचा कारभार अद्यापि उभा आहे, तोहि त्याच १८८८ सालचा. एकाच वर्षांत एकीकडे नियम लिहिला जात होता, आणि दुसरीकडे तो नियम कां लागतो, याचें उदाहरण पुण्यांत चौकशीच्या दालनांत उलगडत होतें.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. १७९३ च्या सनदी कायद्यानें शहरांतील रस्ते, सफाई वगैरे कामें जस्टिस ऑफ दि पीस या सरकार-नियुक्त गृहस्थांकडे सोंपविण्याची सोय केली. १८४५ सालीं त्यासाठीं एक मंडळ निघालें, १८५८ सालीं तीन कमिशनरांचें त्रिकूट आलें. पण तिघांच्या हातीं सत्ता देण्याचा अर्थ कोणाच्याच माथीं जबाबदारी नाहीं, असा अनुभव लौकरच आला. तेव्हां १८६५ च्या दुसऱ्या कायद्यानें दुसरें टोक गांठलें. सर्व जस्टिस मिळून एक संस्था ठरली आणि कारभाराची सारी सूत्रें एकट्या कमिशनरच्या हातीं गेलीं. हा कायदा १ जुलै १८६५ रोजीं अंमलांत आला. मुंबईच्या इतिहासांत हा दिवस दुसऱ्याच कारणानें काळा म्हणून स्मरला जातो. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढला, त्या पैशावर शेअरांचा जुगार माजला, युद्ध संपतांच डोलारा कोसळला, आणि वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस नेमका तोच होता. शहराचें दिवाळें निघत असतां शहराच्या नव्या कारभाराचा मुहूर्त लागला.

क्रॉफर्ड यांचें वय त्या वेळीं अवघें तिशीचें. त्यांचा उरक दांडगा होता. डॉ. ह्यूलेट यांच्यासारखा कर्तबगार आरोग्याधिकारी त्यांना लाभला. गटारें, रस्ते, दलदलीची भरणी या कामांना वेग आला. कत्तलखाना शहरांतून उचलून वांद्र्यास नेण्यांत आला. आणि विल्यम इमर्सन यांच्या आराखड्याप्रमाणें ती प्रशस्त मंडई उभी राहिली, जिच्या दारांवरील शिल्पपट लॉकवुड किपलिंग यांनीं घडविले. शहर पूर्वींपेक्षां स्वच्छ झालें, हें त्यांच्या शत्रूंनाहि नाकबूल करतां आलें नाहीं. मात्र हें सारें चाललें असतां पैसा कोणाला विचारून खर्च होत आहे, हें पाहणारें कोणी राहिलें नाहीं. जस्टिसांची सभा नांवाला वरिष्ठ. प्रत्यक्षांत खर्च आधीं होई आणि मंजुरी मागाहून येई.

याच्या उलट बाजूलाहि एक गोम होती. जस्टिस हे शहरांतील प्रतिष्ठित व धनिक लोक, त्यांची नेमणूक तहहयात. त्यांपैकीं पुष्कळांच्या मालकीच्या चाळी आणि वाडे शहरांत होते. घरपट्टी वाढली म्हणजे ती त्यांच्याच खिशाला लागे; उलट ती वाढली नाहीं तर गटार आणि पाणी यांवांचून हाल सोसावयाचे ते चाळींतील भाडेकऱ्यांनीं. घरपट्टीच्या प्रश्नावर मत देणारा गृहस्थ एका हातानें शहराचा विश्वस्त आणि दुसऱ्या हातानें घरमालक. तो मत देतो तें कोणत्या हातानें, हें बाहेरच्यानें कसें ओळखावें? पुष्कळदां त्याचें त्यालाहि तें उमगत नसे. ज्याला पुढें हितसंबंधांचा विरोध असें नांव मिळालें, तो प्रकार असा दोन्ही बाजूंनीं मुंबईच्या सभागृहांत बसलेला होता; त्याला आवर घालणारा कायदा मात्र तेथें नव्हता.

१८७१ सालीं वादळ उठलें. करवाढीनें गांजलेल्या घरमालकांनीं आणि करदात्यांनीं उधळपट्टीचा सवाल टाउन हॉलमध्यें धसास लावला, आणि क्रॉफर्ड यांना अधिकारपद सोडावें लागलें. सारें शहर एका माणसाला दोष देत असतां, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या एका सव्वीस वर्षांच्या तरुणानें मात्र निराळा सूर काढला. हा तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें वाचलेल्या निबंधांत त्यांनीं प्रतिपादन केलें कीं, दोष माणसाचा नव्हे, रचनेचा आहे. ज्या सभेला कोणी निवडून दिलेलें नाहीं आणि जिला कोणापुढें जाब द्यावा लागत नाहीं, ती कमिशनरवर लगाम कशी ठेवणार? करदात्यांनीं निवडलेले प्रतिनिधि आणा. कारभार एकाच्या हातीं असूं द्या, पण त्याच्यावर देखरेख लोकांची असूं द्या. त्या सभेला हें रुचलें नाहीं. परंतु १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांची जी महापालिका अस्तित्वांत आली, तींत बत्तीस सभासद करदात्यांनीं निवडलेले होते. सोळा जस्टिसांनीं निवडावयाचे आणि सोळा सरकारनें नेमावयाचे.

येथें एक नवा पेंच उत्पन्न झाला. नेमलेल्या माणसाच्या सचोटीची हमी निदान कागदावर तरी नेमणाऱ्या सरकारकडे असते. निवडून येणाऱ्याची हमी कोणी द्यावी? करदाते त्याला निवडून देतात ते तो शेजारचा, ओळखीचा, चार पैसे बाळगून असलेला म्हणून. आणि असा मनुष्य बहुधा व्यापारी असतो, बांधकाम करणारा असतो, माल पुरविणारा असतो. शहराला खडी, चुना, लोखंडी नळ, दिव्यांचें तेल, बैलगाड्या हें सारें विकत लागतें. विकणारा आणि विकत घेणारा एकाच खुर्चींत बसला, तर भाव ठरवावयाचा कोणीं? लोकनियुक्त कारभाराबरोबर हा धोका वाढणार, हें जाणत्यांना दिसत होतें. इंग्लंडांतहि १८३५ सालीं नगरसंस्थांचा जो मोठा सुधारणेचा कायदा झाला, त्यांत नगरसंस्थेच्या कंत्राटांत ज्याचा भाग असेल त्याला सभासद होतां येणार नाहीं, असा निर्बंध घालावाच लागला होता.

मुंबईंत हा निर्बंध १८८८ च्या तिसऱ्या कायद्यांत सोळाव्या कलमांत आला. या कायद्याची घडण होत असतां फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनीं कायदे-कौन्सिलांत घेतलेले परिश्रम सर्वश्रुत आहेत. सभासदांची संख्या आतां बहात्तर झाली. छत्तीस प्रभागांतून, सोळा जस्टिसांकडून, दोन विद्यापीठाच्या फेलोंकडून, दोन व्यापारी चेंबरकडून आणि सोळा सरकारकडून. सोळाव्या कलमांत सभासद होण्यास कोण अपात्र, याची यादी आहे. तींतील मुद्द्याची गोष्ट अशी कीं, महापालिकेशीं झालेल्या कोणत्याहि कंत्राटांत किंवा तिच्या नोकरींत ज्याचा स्वतः अगर भागीदारामार्फत, प्रत्यक्ष अगर अप्रत्यक्ष, वांटा किंवा हितसंबंध असेल, त्याला सभासद होतां येत नाहीं, आणि झालेला असल्यास राहतां येत नाहीं.

शब्द रूक्ष आहेत; परंतु त्यांत काय नाहीं, याकडे लक्ष दिलें पाहिजे. त्या सभासदानें लबाडी केली काय, असें हें कलम विचारीत नाहीं. कंत्राट महाग दिलें काय, माल हलका निघाला काय, हेंहि विचारीत नाहीं. मनांतील हेतूच्या गुहेंत तें शिरतच नाहीं. संबंध आहे कीं नाहीं, एवढेंच तें पाहतें. आणि असल्यास, बाबा रे, तूं साधु असशीलहि, पण या दोहोंपैकीं एक सोड, असें सांगतें. व्यवहारास सोडून होऊं नये म्हणून कलमाला अपवादहि जोडलेले आहेत. जमिनीचा पट्टा किंवा खरेदी-विक्री, महापालिकेला दिलेलें कर्ज, तिची जाहिरात छापणारें वर्तमानपत्र, तिच्याशीं व्यवहार करणाऱ्या जॉइंट स्टॉक कंपनीचे शेअर, नेहमींच्या दुकानांतून प्रसंगोपात्त झालेली लहानशी विक्री, एवढ्यानें कोणी अपात्र होत नाहीं. मात्र ज्या विषयांत सभासदाचा असा संबंध असेल, त्या विषयाच्या चर्चेंत त्यानें भाग घेऊं नये व मतहि देऊं नये, अशी तजवीज त्याच कायद्यांत आहे. म्हणजे खुर्ची राहिली तरी त्या विषयापुरतें तोंड आणि हात बंद.

हेतु न विचारणारा नियम कित्येकांना अन्यायाचा वाटतो. सचोटीच्या माणसाच्या वाटेंत हा अडथळा कशाला, असा त्यांचा आक्षेप असतो. या आक्षेपाचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां त्याच वर्षीं पुण्यांत जें घडलें त्यानें अधिक चांगलें मिळतें.

मुंबई सोडावी लागली तरी क्रॉफर्ड यांची सरकारी नोकरी संपली नव्हती. चढत चढत ते मध्य भागाचे रेव्हेन्यू कमिशनर झाले आणि पुण्यास राहूं लागले. कमिशनर म्हणजे अनेक जिल्ह्यांचा वरिष्ठ. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांची दोरी त्याच्या हातीं. तालुक्याच्या गांवीं मामलेदाराचा दरारा मोठा असला, तरी त्याचें स्वतःचें सुखदुःख एका हुकुमावर लटकलेलें असे. मुलांच्या शिक्षणाची सोय असलेल्या गांवाहून हिंवतापाच्या रानांत बदली झाली तर सारा संसार उन्मळून पडे; बढती चुकली तर पेन्शनपर्यंत नुकसान पोंचे. अशा स्थितींत गांवोगांव कुजबुज सुरू झाली कीं, कमिशनर साहेबांच्या दरबारीं बढतीला दर आहे, बदली टाळण्याला दर आहे, आणि तो दर हणमंतराव राघवेंद्र जहागीरदार नांवाच्या गृहस्थामार्फत पोंचता करावयाचा असतो. साहेब कर्जांत आकंठ बुडालेले आहेत, हें तर कोणापासून लपलेलें नव्हतें.

लॉर्ड रे यांच्या सरकारनें १८८८ सालीं हें प्रकरण हातीं घेतलें. इंग्रज नोकरशाहींतील इतक्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर असा हात टाकणें ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती. आपल्याच जातभाईला उघडें पाडल्याबद्दल गव्हर्नरवर अँग्लो-इंडियन गोटांतून पुष्कळ आग पाखडली गेली. हणमंतरावांवर खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांना निलंबित करण्यांत आलें, तेव्हां ते पुण्याहून गुपचूप निघाले. परंतु मुंबईंत पकडले गेले. १८५० च्या सरकारी नोकरांच्या चौकशीच्या कायद्याखालीं कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ति विल्सन यांच्या अध्यक्षतेखालीं तीन सभासदांचें कमिशन पुण्यास बसलें. क्विंटन आणि क्रॉस्थवेट हे दुसरे दोघे.

अडचण होती ती पुराव्याची. लांच देणारा आणि घेणारा यांच्या व्यवहाराला तिसरा साक्षी बहुधा नसतो. असलाच तर तो दलाल. लांच देणाऱ्यानें बोलावें, तर तो स्वतःच कायद्याच्या कचाट्यांत सांपडतो. म्हणून मुंबई सरकारनें साक्षीदारांना अभयवचन दिलें कीं, खरें सांगणाऱ्यास त्याबद्दल त्रास होणार नाहीं. या वचनावर विसंबून अनेक मामलेदार पुढें आले आणि स्वतःच्या तोंडानें स्वतःची नामुष्की सांगते झाले. आजवर ज्यांच्यापुढें तालुका उभा राही, त्यांनीं भर चौकशींत उभें राहून ‘होय, पैसे दिले’ असें कबूल करावयाचें, यांत किती लाज गिळावी लागली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आणि निकाल काय लागला? लांच घेतल्याचा आरोप शाबीत झाला नाहीं, असा कमिशनचा अभिप्राय पडला. मुंबई सरकारला तो पटला नाहीं; क्रॉफर्ड दोषी आहेत, असेंच त्याचें मत राहिलें. परंतु विलायतेंतील स्टेट सेक्रेटरींनीं लांचेच्या बाबतींत कमिशनचा अभिप्राय मान्य केला. असें असूनहि क्रॉफर्ड यांची नोकरी गेलीच. ती कशावरून गेली? आपल्या अधिकारक्षेत्रांतील व हाताखालील लोकांकडून कर्ज काढूं नये, असा सरकारी नोकरांसाठीं नियम होता. तो त्यांनीं मोडला, हें सिद्ध झालें होतें.

या प्रकरणाचा सारा अर्थ या एका गोष्टींत सांठविलेला आहे. लांच ही हेतूची बाब. ती सिद्ध करण्यास न्यायमूर्ति, वकील, साक्षीदार आणि महिनेच्या महिने लागले, आणि तरीहि ती निसटली. कर्ज ही संबंधाची बाब. ती कागदावर उभी होती. ज्या नियमानें ‘कां घेतलेंस’ असें विचारलें त्याला उत्तर मिळालें नाहीं. ज्यानें ‘कोणाकडून घेतलेंस’ एवढेंच विचारलें त्याला मिळालें. कर्जबाजारी अधिकारी आणि त्याच्या मर्जीवर जगणारा सावकार यांच्यामध्यें न्याय टिकत नाहीं, मग दोघांच्या मनांत पाप असो वा नसो. हाताखालच्या माणसानें दिलेलें कर्ज परत मागण्याचें धैर्य त्याला कसें व्हावें? आणि ज्याचे पैसे देणें आहे, त्याची बदली रानांत करण्याचें धैर्य साहेबाला तरी कसें व्हावें? पुण्याचें कमिशन ज्या नियमावर येऊन थांबलें, तो आणि मुंबईच्या कायद्याचें सोळावें कलम हीं सख्खीं भावंडें होत. संबंधच जुळूं न देणें, हाच दोघांचा मार्ग.

या प्रकरणाचा शेवट मात्र कडू झाला. ज्यांनीं अभयवचनावर भरंवसा ठेवून साक्षी दिल्या, त्या मामलेदारांवरच विलायतेंत गिल्ला झाला. लांच देणारे लोक न्यायाच्या खुर्चीवर राहतातच कसे, असा प्रश्न पार्लमेंटांत आला. प्रश्न निराधार नव्हता, पण वचनहि दिलें गेलें होतें. १८८९ सालीं साक्षीदारांना फिर्यादींपासून संरक्षण देणारा कायदा झाला. तथापि ज्यांनीं दडपणाखालीं नव्हे तर आपण होऊन पैसे दिले असें ठरलें, त्यांना नोकरीवरून दूर करण्यांत आलें. त्यांचा पक्ष घेऊन पुण्यांत मोठी सभा भरली आणि लोकमान्य टिळकांनीं सरकारला दिल्या वचनाची आठवण करून दिली. टिळकांच्या सार्वजनिक जीवनांतील हा एक आरंभींचा प्रसंग. लांच देण्याचें समर्थन त्यांना करावयाचें नव्हतें. सत्य सांगणाऱ्याचा बळी गेला, तर पुढच्या खेपेस सत्य सांगावयास कोणी येणार नाहीं, हा त्यांतील मुद्दा होता. नियम कितीहि चांगला असला तरी तो मोडल्याची वर्दी देणाऱ्याला आसरा नसेल, तर तो पुस्तकांत पडून राहतो. मुंबई-पुण्याला हा धडा १८८९ सालीं मिळाला, आणि त्याची किंमत कांहीं संसारांनीं मोजली.

पुढें जवळजवळ वीस वर्षांनीं सोळाव्या कलमाची खरी कसोटी लागली, आणि ती अशी नाट्यमय कीं कादंबरीकारानें रचली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता. १९०७ सालापर्यंत सर फिरोजशहा मेहता हे महापालिकेचे अनभिषिक्त राजे होऊन बसले होते. त्यांचा हा दबदबा मोडण्याचा विडा कांहीं युरोपियन अधिकाऱ्यांनीं उचलला. अकाउंटंट-जनरल हॅरिसन यांच्या पुढारीपणाखालीं एक कंपू उभा राहिला, ‘कॉकस’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर हेहि त्याच्या पाठीशीं होते. जस्टिसांच्या मतदारसंघांतून सोळा जागा भरावयाच्या होत्या. कॉकसनें सोळा नांवांची यादी तयार करून जोराची खटपट केली. मतें मोजलीं तेव्हां सर फिरोजशहांचा क्रम सतरावा लागला. ज्या संस्थेचा पाया त्यांनीं घातला, तिच्या दारांतून ते एका पायरीनें बाहेर राहिले.

शहरांत खळबळ उडाली. अधिकारी लोकांनीं आपल्या पदाचें वजन निवडणुकींत वापरावें काय, हा प्रश्न जाहीर सभांतून विचारला जाऊं लागला. आणि तोहि हितसंबंधांचाच प्रश्न होता. परंतु निकाल फिरला तो सभांनीं नव्हे. निवडून आलेल्या सोळांपैकीं एका गृहस्थाचा महापालिकेच्या कंत्राटाशीं संबंध असल्याचें उघडकीस आलें. निवडणुकीविरुद्ध अर्ज स्मॉल कॉज कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशापुढें गेला. त्या गृहस्थानें शहराला फसविल्याचा आरोप नव्हता, आणि कायद्याला तें पाहावयाचेंहि नव्हतें. संबंध होता, म्हणून ते अपात्र ठरले. आणि रिकाम्या झालेल्या जागीं सर फिरोजशहा निवडून आल्याचें जाहीर झालें. एकोणीस वर्षांपूर्वीं ज्या कायद्याच्या घडणीसाठीं ते झटले होते, त्याच कायद्याच्या एका रूक्ष ओळीनें त्यांना सभागृहांत परत आणून बसविलें.

या घटनेकडे केवळ एका थोर पुरुषाचा विजय म्हणून पाहणें पुरेसें नाहीं. तेंच कलम त्यांच्या पक्षाच्या एखाद्या सभासदावरहि तितक्याच निर्विकारपणें चाललें असतें. पक्ष, जात, गोरा, काळा, मित्र, शत्रु यांपैकीं कांहींच न पाहणारी ही ओळ असल्यामुळेंच तिचा निकाल दोन्ही बाजूंना स्वीकारावा लागला. हेतु तपासणारा नियम असता, तर ‘आमच्या माणसाचा हेतु शुद्ध आणि तुमच्याचा अशुद्ध’ हा वाद वर्षभर चालला असता.

अर्थात् कलम लिहिलें म्हणजे रोग गेला, असें नाहीं. कायद्यानें भागीदार म्हटला. लोकांनीं मेव्हणा काढला. कायद्यानें अप्रत्यक्ष संबंध म्हटला. लोकांनीं कंत्राट कारकुनाच्या नांवें घेतलें. आपल्याकडे एकत्र कुटुंब, सोयरीक आणि गांवकी यांचे धागे इतके गुंतलेले कीं, कोणाचा पैसा कोणाच्या नांवावर आहे, हें घरांतल्या माणसालाहि सांगतां येऊं नये. म्हणून अशा नियमांचा अर्थ लावण्याचें काम न्यायालयांना आजतागायत करावें लागत आहे. तरी कलमाचें बीज सर्वत्र रुजलें. मुंबईपुरता केलेला हा निर्बंध पुढें खेड्यांपर्यंत पोंचला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यांतील चौदाव्या कलमांत जवळजवळ तेच शब्द आढळतात. पंचायतीच्या हुकुमावरून होणाऱ्या कामांत किंवा तिच्या कंत्राटांत ज्याचा स्वतः अगर भागीदारामार्फत वांटा आहे, त्याला पंच होतां येत नाहीं. महानगराच्या बॅरिस्टरांनीं घोटलेलें वाक्य चावडीवरच्या पारावर येऊन बसलें.

खेड्यांत तर त्याची गरज अधिकच. शहरांत एका कंत्राटदाराला नाकारलें तर दुसरे दहा उभे राहतात. खेड्यांत खडी फोडणारा एकच, आणि तोच सरपंचाचा चुलता. तेथें नियम पाळणें म्हणजे घरांत भांडण ओढवून घेणें. परंतु त्या भांडणाला जो भितो, त्याच्या गांवचा रस्ता पहिल्या पावसांत वाहून जातो. आणि मग चिखलांतून शाळेला जाणाऱ्या पोरांत सरपंचाचीं पोरेंहि असतातच.

आतां पुन्हां त्या दोन मंडयांकडे वळावयाचें. क्रॉफर्ड यांचें नांव मुंबईच्या मंडईवर आणि रे यांचें नांव पुण्याच्या मंडईवर बरींच वर्षें होतें. काळ बदलला. पुढें पुण्याची मंडई महात्मा फुले मंडई झाली, आणि मुंबईची मंडईहि महात्मा जोतिबा फुले यांच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. आरोपी आणि आरोप ठेवणारा, दोघांचीं नांवें जाऊन त्या जागीं एकच नांव आलें. हें नांव ज्यांचें, ते जोतीराव १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते. आणि विशेष म्हणजे ते स्वतः सरकारी बांधकामांचे कंत्राटदारहि होते. कंत्राटांत पैसा कोठें मुरतो, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. इंजिनियर खात्यांतील लबाडीवर त्यांनीं आपल्या लेखनांत कोरडे ओढले आहेत. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठीं नगरपालिकेच्या तिजोरींतून हजार रुपये खर्च करावे, असा ठराव १८८० सालीं आला, तेव्हां करदात्यांचा पैसा अशा समारंभावर उधळूं नये, तो गरिबांच्या शिक्षणाला लावावा, म्हणून विरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले.

त्या दिवशीं त्यांना अडविणारें किंवा भाग पाडणारें कोणतेंहि कलम नव्हतें. बाकीचे सभासद व्हाइसरॉयच्या कृपादृष्टीकडे पाहत होते. जोतीराव तिजोरीकडे पाहत होते. सर्वच सभासद असे असते तर सोळाव्या कलमाची जरूरीच भासली नसती. पण सर्वच तसे नसतात, आणि जे असतात तेहि सदासर्वकाळ तसे राहतीलच असें नाहीं. म्हणून कलम लिहून ठेवावें लागतें. गांवाच्या तळ्याला राखणदार चांगला मिळावा, हें गांवाचें भाग्य. पण तळ्याचा बांध त्या भाग्याच्या भरंवशावर सोडावयाचा नसतो. तो दगड-मातीनें बांधावा लागतो आणि दर पावसाळ्यापूर्वीं फिरून तपासावा लागतो.